दात गेल्यावर आधार कशाचा?

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण एरवी दैवाच्या उफराट्या न्यायाबद्दल वापरतो. खुद्द दातांबद्दल ती फारसे कोणी वापरत नाही. आज मात्र तिचा शब्दशः अर्थ घ्यायचा आहे. चणे समोर आले आणि तोंडाचे बोळके झालेले असले, तर त्या बोळक्यात वरची आणि खालची अशा दोन्ही ओळी पुन्हा उभ्या कशा करायच्या? शहरातले दंतवैद्य हल्ली याला ‘फुल माउथ’चे काम म्हणतात. एखादी दाढ भरणे किंवा एखादा दात काढणे नव्हे, तर सगळे तोंडच नव्याने बांधणे. पडके घर पायापासून उभारावे तसे.

घराचा दाखला मी मुद्दाम दिला. या कामाचा इतिहास म्हणजे बव्हंशी पायाचाच शोध आहे. दात घडवणे माणसाला फार पूर्वी जमले. लाकूड कोरणारा, हस्तिदंत कोरणारा, सोने वळवणारा कारागीर बहुतेक देशांत होताच. अडले ते दुसरीकडे. घडवलेला दात तोंडात टेकवायचा कशावर? या प्रश्नाची जी जी उत्तरे निघाली, त्यांची किंमत खुर्चीत बसलेल्या रोग्याने मोजली, आणि कधी कधी तर त्या खुर्चीजवळही नसलेल्या तिसऱ्याच कोणी तरी. पुस्तकांत वैद्यांची नावे येतात. आपण जरा खुर्चीच्या बाजूने पाहू.

आधी आपला देवाने दिलेला दात कशावर उभा असतो ते बघा. बाहेर दिसतो तो नुसता माथा. खाली मूळ असते, ते जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बसलेले असते, आणि मूळ व हाड यांच्या मध्ये बारीक तंतूंची एक गादी असते. आपण भाकरी चावतो तेव्हा दाब या गादीवाटे हाडाला पोचतो. हा रोजचा दाब हाच त्या हाडाचा खुराक. दात काढला की खोबण काही महिन्यांत भरून येते खरी, पण हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. पहिल्या वर्षात जास्त, नंतर हळूहळू, पण जन्मभर. शेताचा बांध दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून जावा तसे. दात गेलेल्या माणसाचे गाल आत जातात आणि हनुवटी नाकाला भेटायला येते, ती या झिजेमुळे. टालग्रेन नावाच्या संशोधिकेने पुऱ्या कवळ्या वापरणाऱ्या माणसांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी १९७२ साली प्रसिद्ध केल्या. खालच्या जबड्याचा उंचवटा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो, असे तीत दिसले. ज्यांच्या घरी कवळी आहे त्यांना याचा अनुभव असेलच. वरची कवळी बरी बसते. खालची मात्र जिभेवर नाचत राहते.

एकदोन दात गेले तर काम सोपे असते, कारण शेजारी उभे असतात. इटलीतील एट्रुस्कन लोक सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्टीने नवा दात शेजारच्या दातांना बांधून टाकीत. अशा पट्ट्या तिकडच्या थडग्यांत सापडल्या आहेत. पण शेजारीच नसले तर?

याचे पहिले चांगले उत्तर युरोपात सापडले नाही, जपानात सापडले. वाकायामा येथे नाकाओका तेइ नावाची एक बौद्ध भिक्षुणी १५३८ साली वारली. तिची वरच्या जबड्याची कवळी आजही आहे. ती लाकडाची आहे. जपानात फण्या करण्यासाठी ‘त्सुगे’ नावाचे घट्ट, बारीक पोताचे लाकूड वापरतात, त्याच्या एकाच तुकड्यातून टाळू, हिरड्या आणि दात कोरून काढले आहेत. बुद्धाच्या मूर्ती कोरणारे हातच या कामाला लागले होते. मेणाने तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यावरून लाकूड कोरायचे, मग तोंडात रंग लावून लाकूड बसवून बघायचे. रंग जेथे उमटेल तेथे ते टोचते असे समजायचे आणि तेवढेच तासायचे. आपला सुतार सांधा जुळवताना हेच करतो. असे करत करत लाकूड आणि टाळू यांच्यामध्ये थुंकीच्या एका पातळ थरापुरतीच जागा उरते, आणि मग ते चिकटून राहते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून त्या सरळ उचलून वेगळ्या करायचा प्रयत्न शाळेत करून पाहा, म्हणजे या युक्तीचे मर्म कळेल. पुढे जपानी कारागीर पुढच्या बाजूला दगडाचे किंवा हस्तिदंताचे पांढरे दात बसवू लागले आणि दाढांच्या जागी धातूचे खिळे ठोकू लागले, म्हणजे चर्वण नीट व्हावे. यागयू मुनेफुयू नावाचा प्रसिद्ध तलवारबाज १६७५ साली वारला, त्याच्याजवळ वरची आणि खालची अशा दोन्ही लाकडी कवळ्या होत्या. हे ज्ञान समुद्र ओलांडून गेले नाही. तिकडे युरोप आणि अमेरिका आणखी शेदोनशे वर्षे चाचपडत राहिल्या.

चाचपडणे किती, ते जॉर्ज वॉशिंग्टनवरून दिसते. त्याआधी एका फ्रेंच माणसाचे नाव सांगितले पाहिजे. पिएर फोशार याने १७२८ साली पॅरिसमध्ये दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत धरण्याची तेव्हा चाल होती. फोशारने सांगितले, रोग्याला आरामखुर्चीत बसवा. ही एक सुधारणा मला तर त्याच्या इतर शोधांच्या तोडीची वाटते. कवळीबाबत मात्र त्याचे उत्तर जबरदस्तीचे होते. खालची कवळी वजनाने जागेवर राहते, वरची पडते. म्हणून दोन्हींच्या मध्ये मागच्या बाजूला पोलादी स्प्रिंगा बसवायच्या. स्प्रिंग वरच्या कवळीला टाळूकडे रेटते. म्हणजे ज्याने ती घातली त्याने जबडा आवळून धरायचा. आवळ सुटला की तोंड आपोआप उघडते. अशा तोंडाने जेवायचे, बोलायचे आणि चारचौघांत बसायचे.

वॉशिंग्टनचा पहिला दात १७५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर त्याच्या हिशेबाच्या वह्यांत दंतवैद्यांची देणी आणि दातांची हत्यारे सारखी येतात. लढाई चालू असताना १७८१ साली दात साफ करण्याच्या हत्यारांसाठी त्याने दंतवैद्याला लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती लागले होते. १७८९ च्या एप्रिलच्या ३० तारखेला न्यूयॉर्कमध्ये त्याने अमेरिकेचा पहिला अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्याचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड हा लहानपणी त्याच लढाईत बासरी वाजवणारा पोऱ्या होता. त्याने पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली, तीत माणसांचे दात बसवले आणि त्या एकुलत्या एक दातासाठी कवळीत भोक ठेवले. त्या दातावरच सगळा डोलारा. १७९६ साली तोही दात काढावा लागला. ग्रीनवुडने तो मागून घेतला आणि सोन्याच्या ताईतात घालून जपला.

वॉशिंग्टनचे दात लाकडाचे होते ही गोष्ट अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती खोटी आहे. त्याच्या ज्या कवळ्या उरल्या आहेत त्यांत हस्तिदंती वस्तू आहे, माणसांचे दात आहेत, शिसे, पितळ, सोने आणि स्प्रिंगा आहेत, लाकूड नाही. हस्तिदंतासारख्या वस्तू थुंकीत मुरतात, काळ्या पडतात, कुजतात, त्यांना घाण येते. १७९८ साली, म्हणजे मृत्यूच्या एकच वर्ष आधी, तो ग्रीनवुडला लिहून कळवतो की कवळी ओठांना पुढे ढकलते आहे. ग्रीनवुडने पाहिले तर ती काळी पडलेली. त्याने कारण दिले, तुम्ही पोर्ट नावाची द्राक्षाची दारू पिता तिचा हा परिणाम! अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर वॉशिंग्टनचे जे चित्र आहे त्यात तोंडाभोवतीचा तो फुगीर, आवळलेला भाग नीट पाहा. तो चेहरा १७९६ साली गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेल्या चित्रावरून घेतला आहे.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येऊ. वॉशिंग्टनच्या हिशेबात १७८४ च्या मे महिन्यात एक नोंद आहे: नऊ दातांबद्दल हबशांना ६ पौंड २ शिलिंग दिले. ल मेयर नावाच्या फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर ती रक्कम टाकलेली आहे. हे हबशी म्हणजे त्याच्या जमिनीवर राबणारे गुलाम. एका दाताला साडेतेरा शिलिंगांच्या आसपास भाव पडला. हाच ल मेयर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुढचा दात विकू इच्छिणाऱ्याला प्रत्येकी २ गिनी देऊ करीत होता, म्हणजे ४२ शिलिंग. खरेदीदार एक, वस्तू एक, पण विकणारा कोण यावर भाव ठरला. आणि ज्याला धनी विकू शकतो त्याने दात ‘विकला’ म्हणायचे तरी कसे? दिलेली रक्कम वहीत शिलिंगापर्यंत आहे. ज्यांच्या तोंडातून ते नऊ दात गेले त्यांचे एकाचेही नाव तेथे नाही.

इंग्लंडातही हा व्यवहार उघड चाले. जॉन हंटर हा त्या काळचा फार मोठा शल्यवैद्य. एका माणसाचा ताजा उपटलेला दात दुसऱ्याच्या खोबणीत बसवला तर तो रुजतो, असे त्याचे मत होते. प्रयोग म्हणून त्याने कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रोवून पाहिला होता. मग श्रीमंत बायका दंतवैद्याकडे येऊ लागल्या आणि गरिबांची पोरे दात विकायला रांगेत बसू लागली. रोलंडसन या चित्रकाराने १७८७ साली याचे एक बोचरे चित्र काढले आहे. त्यात धुरांडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटला जातो आहे आणि शेजारी नटलेली बाई वाट बघत बसली आहे. हे दात काही महिन्यांत, फार तर दोनचार वर्षांत गळून पडत. क्वचित त्यांच्याबरोबर दुसऱ्याचा रोगही तोंडात येई. मूळ हाडात रुजले पाहिजे, हे हंटरने बरोबर ओळखले होते. कशाचे मूळ रुजते, हे कळायला आणखी पावणेदोनशे वर्षे लागायची होती.

जिवंतांचे दात महाग, म्हणून मेलेल्यांचे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव झाला. पडलेल्या हजारो जवान शिपायांच्या तोंडातले दात लुटारूंनी उपटले आणि ते पेट्या भरभरून लंडनच्या बाजारात आले. ‘वॉटर्लूचे दात’ हे नावच पुढे रूढ झाले. तरुण, निरोगी दात म्हणून त्यांना मागणी. ही अघोरी गरज हळूहळू कमी झाली ती चिनी मातीच्या दातांमुळे. त्याचीही सुरुवात रोग्यापासूनच आहे. पॅरिसजवळच्या द्यूशातो नावाच्या औषधविक्याला आपल्याच हस्तिदंती कवळीची घाण सहन होईना, म्हणून १७७४ च्या सुमारास त्याने चिनी मातीची कवळी भाजवून घेतली. पुढे इतरांनी ती सुधारली. दात कुजेनासे झाले, पण ते टेकवायचे कशावर हा प्रश्न तसाच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन गोष्टी पाठोपाठ आल्या आणि सगळे पालटले. एक भूल, दुसरी रबर.

शरीराला भूल देण्याचा शोध हा दंतवैद्यांनी लावला, आणि तो लावण्यामागे कवळीच होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेत हॉरेस वेल्स आणि विल्यम मॉर्टन हे काही काळ भागीदार होते. त्यांनी कवळीची एक सुधारलेली तऱ्हा काढली होती. पण ती बसवायची तर हिरडीतली जुनी मुळे सगळी काढावी लागत, आणि लोक खुर्चीतून उठून पळत. १० डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड गावी हसवणाऱ्या वायूचा खेळ चालू होता. वायू घेतलेल्या एकाच्या पायाला जखम झाली, रक्त आले, तरी त्याला पत्ता नाही, हे प्रेक्षकांत बसलेल्या वेल्सने हेरले. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू घेतला आणि आपलीच दाढ उपटवून घेतली. पुढे बॉस्टनला मोठ्या डॉक्टरांसमोर त्याचा प्रयोग फसला, लोकांनी हुर्यो केली. १८४८ साली त्याने आपल्या हाताने जीवन संपवले. मॉर्टनने इथरचा उपयोग करून ३० सप्टेंबर १८४६ रोजी वेदनेशिवाय दात काढला, आणि १६ ऑक्टोबरला बॉस्टनच्या इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी इथर देऊन दाखवला.

दुसरी गोष्ट रबर. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक घालून रबर पक्के करण्याची रीत शोधली. त्याच्या भावाने १८५१ साली ते शिंगासारखे कडक करून दाखवले. हे रबर मऊ असताना प्लॅस्टरच्या साच्यात दाबायचे, वाफेवर शिजवायचे, की तोंडाच्या ठशाबरहुकूम तालू तयार. सोन्याचा पत्रा ठोकून केलेल्या कवळीपेक्षा ती कितीतरी स्वस्त, आणि इतकी तंतोतंत बसणारी की स्प्रिंगा गेल्या. जपानी भिक्षुणीच्या लाकडाची युक्ती युरोप-अमेरिकेला अशी सापडली. मात्र हक्क एका कंपनीकडे होते. तिचा खजिनदार जोसाया बेकन परवान्याचे पैसे न देणाऱ्या दंतवैद्यांवर गावोगाव दावे लावत फिरे. १३ एप्रिल १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चालफंट या दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार केले. दोन वर्षांनी हक्कांची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना खुली झाली.

येथे एक वळण आले, आणि ते माझ्या मते या साऱ्या कथेतले सर्वांत धोक्याचे वळण आहे. आजवर दात आपणहून जात आणि मग कवळी येई. आता दुखत नाही, कवळी स्वस्त आहे. मग दुखऱ्या दातांशी झगडत बसायचे कशाला? सगळेच काढून टाका! या विचाराला विद्वानांचाही पाठिंबा मिळाला. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात व्याख्यान दिले. तोंडातल्या सडक्या दातांपासून, विशेषतः वरवर सोने मढवलेल्या कुजक्या मुळांपासून, सगळ्या शरीरात विष पसरते, असे त्याचे म्हणणे होते. त्यात तथ्याचा अंश होता, पण त्याचा अतिरेक झाला. संधिवात झाला, काढा दात. पोट बिघडले, काढा दात. पुढची दोनतीन दशके लाखो चांगले दात नाहक उपटले गेले. इंग्लंडच्या काही भागांत तर लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी देण्याची चाल होती, म्हणजे पुढे नवऱ्याला खर्च नको. हुंड्याची ही जात आपल्याकडे आली नाही, एवढे नशीब.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कवळी फुकट मिळू लागली. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. खर्चाचा अंदाज इतका चुकला की १९५१ साली कवळीला आणि चष्म्याला आकार लावायचे ठरले, आणि ही सेवा उभी करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन याने मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कवळीवरून मंत्री गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. १९६८ साली इंग्लंड व वेल्समध्ये पाहणी झाली, तेव्हा शेकडा ३७ प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा ६ वर आले. मधल्या चाळीस वर्षांत लोकांना उमजले की दाताबरोबर हाड जाते, आणि हाड गेले की कवळी कितीही सुबक केली तरी तिला बसायला ओटा उरत नाही. पुऱ्या कवळीने चावण्याचा जोर मूळच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच उरतो. भाकरी कालवणात बुडवून खायची, ऊस सोडायचा, चणे कुटून घ्यायचे.

याच काळात दुसरा एक पंथ शांतपणे काम करीत होता: मूळ शाबूत असेल तर त्याला हात लावू नका, वरून टोपी घाला. शिकागोच्या विल्यम टॅगर्टने १९०७ साली दातासाठी सोन्याचे ओतकाम दाखवले. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा धरायचा, तापवून मेण घालवायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्या देव्हाऱ्यातली पंचधातूची मूर्ती याच रीतीने घडत आली आहे. दंतवैद्याच्या दुकानात तिचा शिरकाव व्हायला विसावे शतक उजाडले. मुळे जागेवर असली की हाडही जागेवर राहते. पण ज्याची मुळेच गेली त्याचे काय?

त्याचे उत्तर सशाच्या पायात सापडले. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक हाडातले रक्ताभिसरण पाहत होता. सशाच्या पायाच्या हाडात त्याने टायटॅनियम धातूची एक बारीक नळी बसवली होती. धातू महाग, म्हणून प्रयोग संपल्यावर नळी काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेना. हाड तिला एकजीव होऊन धरून बसले होते. शरीर परकी वस्तू बाहेर टाकते हा तोवरचा सिद्धांत, आणि येथे हाडाने धातूला आपलासा केला होता. १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्याने पहिल्या माणसावर उपचार केला. योस्ता लार्सन हा त्याचा रोगी. जन्मापासून त्याच्या जबड्याची आणि हनुवटीची ठेवण बिघडलेली, खाली दात नाहीत, खाणे आणि बोलणे दोन्ही दुष्कर. त्याच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसवले, हाडाने ते धरेपर्यंत काही महिने थांबले, आणि मग त्यांच्यावर दात चढवले. लार्सन २००६ साली वारला, तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते स्क्रू काम देत होते. स्वीडनमधल्या दंतवैद्यांनी मात्र ब्रोनेमार्कला बरीच वर्षे वेड्यात काढले. तो मुळात दंतवैद्य नव्हताच. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत त्याने पंधरावीस वर्षांचे पुरावे मांडले, तेव्हा जगाने मानले.

मग आज अशा रोग्याच्या वाट्याला काय येते? बोळके झालेलाच नव्हे, तर अर्धे दात पडलेले आणि उरलेले झिजून खुंट झालेले, असाही माणूस यात येतो. त्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, की हे एका बैठकीचे काम नव्हे. पहिल्या दोनतीन खेपांना नुसते बघणे असते: क्ष-किरणांची चित्रे, ठसे, फोटो, रक्तातील साखर. ठशांवरून केलेले प्लॅस्टरचे दोन्ही जबडे धातूच्या एका सांगाड्यावर चढवतात. हा सांगाडा जबड्यासारखा उघडतो, मिटतो, बाजूला सरकतो. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बॉनविलने खालचा जबडा म्हणजे चार इंचांचा समभुज त्रिकोण असे मानून केलेल्या यंत्रात आहे. आधी या सांगाड्यावर मेणाचे दात उभे करून घराचा नकाशा ठरतो. मगच तोंडाला हात. आधी हिरड्यांचे किटण काढणे, वाचण्यासारख्या मुळांवर रूट कॅनॉल, न वाचणारे तेवढेच काढणे. स्क्रू बसवायचे तर हाड पुरेसे आहे का ते पाहतात. नसेल तर हाड भरतात, आणि त्यातही महिने जातात. स्क्रू हाडात मुरायला सामान्यतः तीन ते सहा महिने. काही निवडक रोग्यांना त्याच दिवशी तात्पुरते दात चढवता येतात, पण हाड आपल्या गतीनेच काम करते. तंबाखू आणि मिश्री या कामाचे वैरी. आटोक्यात नसलेला मधुमेह तिसरा. दवाखान्यात हे विचारले तर खोटे सांगू नये, कारण जखम खरे सांगते.

खर्चाबद्दल बोलले पाहिजे. प्रत्येक दाताला स्क्रू लागतो असे नाही. पूर्ण जबड्याचे पक्के दात चार ते सहा स्क्रूंवरही उभे राहतात. आणि खालची नाचणारी कवळी नुसत्या दोन स्क्रूंना बटनासारखी अडकवली तरी माणूस पुन्हा नीट जेवू लागतो. खालच्या बोळक्या जबड्यासाठी निदान एवढे तरी करावे, असे मॅक्गिल येथे २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले. म्हणजे १९१० साली ज्या विद्यापीठात दात काढायची हाकाटी उठली, तेथेच. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायर इस्पितळाचे १९३३ साली निघाले. मुंबई-नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत हे उपचार शिक्षकांच्या देखरेखीखाली खाजगीपेक्षा कमी खर्चात होतात. खेपा मात्र जास्त पडतात, हे धरून चालावे. ‘एकदाचे सगळे काढून टाका, कटकट मिटेल’ असे म्हणणारा रोगीही तेथे रोज येतो, आणि तेथला जाणता शिक्षक त्याला आधी उरलेली मुळे मोजून दाखवतो.

पक्के दात बसल्यावर त्यांच्याखालची फट दोऱ्याने आणि बारीक ब्रशाने रोज साफ करावी लागते. धातू किडत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड सडू शकते.

एक राहिलेच, आणि ते आमच्या शिक्षकबंधूंच्या उपयोगाचे आहे. त, थ, द, ध, न यांना आपल्या व्याकरणाने दंत्य म्हटले ते उगीच नव्हे. जीभ दाताला टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत. पुढचे दात किती लांब ठेवायचे हे दंतवैद्य रोग्याला ‘फ’ आणि ‘व’ बोलायला लावून ठरवतो, वरचे दात खालच्या ओठाला कोठे टेकतात ते पाहून. आणि वरचे-खालचे दात एकमेकांच्या किती जवळ यावेत हे ‘स’ वरून कळते. ‘स’ मध्ये शिट्टी आली तर पुन्हा तासणे आले. म्हणून तात्पुरते दात तोंडात काही आठवडे ठेवून घेतात आणि रोग्याला सांगतात, रोज घरी थोडा वेळ मोठ्याने वाचा. वर्तमानपत्र चालते, पोथी चालते, नातवाचे चौथीचे पुस्तकही चालते.